घालणे

डिचोलीच्या कोर्टात पंखा फिरला की
टेबलावरचे सगळे कागद एकदम श्वास घेतात.
मी दुभाषी. शब्द पोचवायचे,
पोस्टमनसारखे, आत काय आहे ते न बघता.

आरोपपत्रात एक इंग्रजी शब्द होता.
साहेब म्हणाले, यांना कळेल असं सांगा.
या म्हणजे नऊ बायका. सहा बाकावर, तीन उभ्या,
पुढे रुक्मावती घाडी,
चपला दाराबाहेर काढून आलेली,
देवळात यावं तशी.

हुल्लड म्हणू? ती किनाऱ्यावरची,
बाटल्यांची, भाड्याच्या जीपच्या टपावरची.
धुडगूस गव्यांचा. मागच्या वर्षी कुळागरात शिरले
आणि केळी आडवी झाली, तो.
हैदोस फार मोठा,
या खोलीत मावला नसता.

मी म्हणाले, धिंगाणा.
तुम्ही रस्त्यावर धिंगाणा घातला,
असं इथं लिहिलंय.

एक जण फिसकन हसली.
धिंगाणा घालतात ती चवथीतली पोरं,
माटोळीखालून पळत, तोरिंगण ओढून पाडत,
आणि आतून कोणी ओरडतं, पुरे आता धिंगाणा,
म्हणजे अजून थोडा चालेल.

"आणि टिपर?" रुक्मावतीनं विचारलं.
"पहाटे पाचपासून. एकाच्या शेपटीला एक.
पेजेवर लाल, वाळत घातलेल्यावर लाल,
पोरीच्या वहीत लाल, बाईंनी चूक काढली नसताना.
वळणावर पुतळेचा हात गेला.
त्याला काय लिहिलंय?"

मी पान उलटलं.
वाहतूक, असं होतं.
वाहतुकीस अडथळा.

"चांगला शब्द," ती म्हणाली. "इस्त्री केलेला."

त्या रांगेत एक टिपर
माझ्या मेव्हण्याचा होता.
ते कोणी विचारलं नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं.
माझ्या डोक्यात भलतंच चाललेलं:
धिंगाणा घालतात.
दारात सडा घालतात तसा,
तुळशीला पाणी, मुलीची वेणी,
भर दुपारी आलेल्याला जेवू.
आरोपपत्राच्या भाषेत या क्रियापदाला
जागाच नव्हती.

"सांग त्यांना," रुक्मावती म्हणाली,
"घातला. कबूल. सकाळी सातपासून.
पण बसून घातला.
अळसांद्याच्या शेंगा सोलत.
दोन सुपं झाली.
तेही लिहा."

मी साहेबांना सांगितलं.
बसून, एवढं तरी नीट पोचलं असावं.
टायपिस्टनं हात थांबवला,
चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं
आणि विचारलं,
शेंगा कसल्या म्हणालात?