शिकाऊ

आधी मला लाल हवी होती.
बांगोरच्या दुकानात काचेमागे उभी,
सहाशे सीसी, टाकी अशी की हात फिरवावासा वाटावा.
विकणारा पोरगा म्हणाला, बसून तर बघा.
बसले.
दोन्ही टाचा अधांतरी, अंगठे कसेबसे टेकलेले.
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
पायाखाली जमीन पुरत नव्हती
आणि ते मला आवडलं. भीती वाटली ती त्याचीच.

मी सुईण. वजन मला हातानं कळतं.
तीन किलो दोनशे.
दोन किलो नऊशे, जरा निळसर.
लाल गाडीचं विचारलं. दोनशे तेरा.
सवय होते, पोरगा म्हणाला.
कुणाला, मी विचारलं, मला की तिला?

मग इदवाल प्रिथर्च.
ब्लायनाउच्या वरच्या अंगाला, खाणीतल्या काळ्या पाट्यांच्या ढिगाखाली
त्याची पत्र्याची शेड.
त्यात एक निळी एकशे पंचवीस,
डावा आरसा जुना, त्यामुळे त्या बाजूचं मागे पडलेलं जग
थोडं पिवळं दिसतं.
प्रश्न मी आणले होते वहीत लिहून,
विचारले त्यानंच.
रात्री निघावं लागतं का?
तुमच्या रस्त्यावर मेंढ्या किती?
पडलीस तर उचलशील?
आणि विकायला काढलेली गाडी
स्वतःच्या हातानं त्यानं गवतावर आडवी केली.

पाठ सीटला टेकवली, गुडघे वाकवले,
मागे मागे पावलं टाकत उभी केली तिला.
एकशे सोळा.
साडेनऊशे पाउंड त्यानं दोनदा मोजले,
पन्नास परत दिले.
हातमोजे घे, म्हणाला. पडताना माणूस आधी हात पुढे करतो.

घरी नवरा काही बोलला नाही.
गवत कापायचं यंत्र तेवढं
शेडमधून बाहेर काढून ठेवलं त्यानं, पावसात.

क्लचबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही.
मुठीत धरलेलं सोडायचं, पण सगळं नाही;
एका जागी गाडी शहारते, तिथे थांबायचं.
पंचवीस वर्षं मी बायकांना हेच सांगत आले,
आत्ता नको, थांब, आता हळू,
आणि चॅपलमागच्या आवारात
चौदा वेळा इंजिन बंद पाडलं.
शिकवणारी हेलेद, वय बावीस.
पायाळू होती ती, माझ्याच हातांत आलेली.
कमरेवर हात ठेवून म्हणाली,
लांब बघ, नेरिस.
चाकाकडे बघशील तर चाकाखालीच जाशील.

पहिल्याच आठवड्यात फाटकाशी पडले.
वेग शून्य. साक्षीला एक मेंढी.
मांडीवरचा डाग आधी जांभळा, मग हिरवा, मग पिवळा,
डाव्या आरशासारखा.
आता रविवारी साखळीला तेल देते,
तीन वेळा हात धुते, तरी नखांत उरतंच.
परवा एका नव्या आईनं बाळाचं डोकं हुंगलं
आणि विचारलं, पेट्रोलचा वास येतोय का?
मी खिडकी उघडली.

त्याच रात्री परतताना, खिंडीच्या वळणावर,
वाऱ्यानं मागची पाटी उडवली.
पांढरी, वर लाल डी.
इंग्रजीत एल लावतात, मी आमच्या भाषेतला मागून घेतला होता:
डी म्हणजे दिस्गुर, शिकणारा.
पहाटेचे तीन. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
तशीच गेले असते तर कोण विचारणार होतं?

गाडी स्टँडवर लावली, दोनदा हलवून पाहिली,
आणि मोबाइलच्या उजेडात
खड्ड्यातलं ओलं गवत दोन्ही हातांनी बाजूला करत
शोधत राहिले माझं अक्षर.
सापडलं तेव्हा त्यावर एक गोगलगाय होती.
तिला उचलून दगडावर ठेवली,
बाहीनं पाटी पुसली.