तीन खिळे

भिंतीला तीन खिळे.
पहिल्यावर मेरठचं ट्रंपेट, निकेल उडालेलं,
लग्नांचं. त्याच्या नळ्यात गुलाल गेलाय, अक्षता गेल्यात,
एकदा नवरदेवाच्या मामानं खुशीत पेढाच कोंबला.
पुढे डीजे असला की हेच घ्यायचं.
गोड नाही ते, पण भांडतं चांगलं.
घोडी बिचकते, पोट्टे ओरडतात,
"ताणून धर ना बे, मास्तर!"
आणि मी धरतो, ओठ फुटेस्तोवर.

दुसरं मुनीर उस्तादांनी दिलं.
परतवाड्याच्या कुण्या खानसाम्याकडून घेतलं म्हणायचे,
खरंखोटं त्यांनाच ठाऊक.
आखूड, भरल्या गालाचं. कागदावर कॉर्नेट,
आमच्याकडे बुटकी.
बारशाला बुटकी, विहारातल्या लग्नाला बुटकी,
भजनातही तीच;
शेंडे पेटीवाला पांढरी चार सोडत नाही,
माझी उघडी नळी काळी पाचची,
रात्रभर बोटं वाट शोधत हिंडतात.
तोंडावर नारळाची नरोटी धरली
की सूर ओसरीवर बसून बोलल्यासारखा येतो.

तिसरं मयताचं.
त्याचं मधलं बटण अडकतं.
शिवणयंत्राचं तेल घातलं, रॉकेल घातलं.
अमरावतीला एकजण नीट करून देतो,
मी नेत नाही.
मयताला सगळं पुरं वाजलं तर
बरं दिसत नाही.

मागच्या कार्तिकात जिनाचा भोंगा बसला.
ठवकर मुनीम लुनावर आले:
"उद्या सातले एक लांब सूर मारजा.
गाणं नोको."

रात्री खिळ्यांसमोर उभा राहिलो.
हे लग्न नाही, मयत नाही.
माणसं कामावर बोलवायला
कोणतं न्यावं, उस्तादांनी सांगितलं नव्हतं.
पार्बता भाकर थापत होती. तीही त्याच जिनात, सरकीच्या बाजूला.
"लग्नातलं नोको आणजा," म्हणाली,
"माह्या पायाले सकाळी सकाळी नाचाची सवय नाई."

बुटकी नेली.
वजनकाट्यावर चढलो, पितळ थंडीनं ओठाला चिकटलं.
एकच सा. उघडा, सरळ.
धुक्यातून बाया आल्या, डोक्याला फडकी, हातात डबे,
आणि दम संपता संपता
बोटानं ऐकलं नाही,
सूर जरासा कोमल गांधाराकडे कलला.

"गाणं नोको म्हटलं ना!" मुनीम फाटकातून.
बाया हसल्या.
पार्बता हसली नाही, वर पाहिलंही नाही,
नाकाला फडकं बांधता बांधता
गाठ तेवढी हातात राहिली.

चार दिवस, रोज तीस रुपये.
पाचव्या दिवशी भोंगा दुरुस्त झाला.

आता तो वाजतो रोज सातला,
काळी पाचच्या किंचित खाली.
पार्बता डबा भरताना थांबते.
"बेसूर आहे," म्हणते.
वीस वर्षं ऐकत होती,
तिला हे आधी कधी कळलं नव्हतं.