कायमचा पत्ता

माझं दुकान नारियाच्या बाजारात, मोबाइल रिचार्जला लागून.
झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो. अर्ज भरून मिळतील.
सरकारने नवा नियम काढला की मी पाटीवर एक ओळ वाढवतो
आणि त्या दिवशी घरी मोठा मासा येतो.
हे आधीच सांगून टाकतो,
मागाहून कुणी बोट दाखवायला नको.

तोबारक ढालीचा अर्ज मीच भरला.
इटलीत, लातिनाच्या बाजूला, किवीच्या मळ्यावर काम.
ट्रॉलरमधला चार आण्यांचा हिस्सा विकून
त्याने दलालाचा अर्धा खड्डा बुजवला, उरलेला व्याजाने.
मला विचारलं, किवी म्हणजे काय?
मी चित्र छापून दिलं, काळं-पांढरं.
तो म्हणाला, बटाटाच की हा, केस आलेला. जमेल.

पासपोर्ट ढाक्याला जमा झाला.
पावतीवर तीस दिवस.
मग नवी पडताळणी आली.
मालकाचं पत्र खरं आहे का, हे बघायचं.
मग ते खरं आहे म्हणणारं पत्र
खरं आहे का, तेही.
तोबारक पहाटेच्या बसने पद्मेचा पूल ओलांडून जाई,
काचेमागच्या मुलीसमोर उभा राहून
‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढं वाक्य घेऊन परते,
बाजारातून रिकामी पिशवी
कुणी नीट घडी घालून आणावी तसं.
व्याज मात्र कुठल्याच पडताळणीसाठी थांबलं नाही.

लातिनात एक हंगाम उतरला. मग दुसरा.
मालकाने फोटो पाठवला, भरलेल्या क्रेटचा,
खाली एक ओळ. फोनने अर्थ सांगितला:
अजून येतोयस का?
तोबारकने अंगठा पाठवला.
दुसरं काय पाठवणार?

भाद्रपदात नदी आली.
आधी संडास नेला, मग सुपारीची तीन झाडं,
मग मोर्शेदाची चूल.
पत्रे आम्हीच उतरवले, तिच्या आधी,
आणि सायकल-व्हॅनवर घालून तिच्या भावाच्या परसात नेऊन टेकवले.
रात्री वारा आला की ते वाजतात,
कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटून
ती दोनदा उठली म्हणे.

पंधरा दिवसांनी साहेब आला, कायमचा पत्ता तपासायला.
मोटारसायकल, हेल्मेट, हातात टॅब.
आम्ही काठावर नेलं.
तोबारकने पाण्याकडे हात केला:
ती होडी दिसते ना, तिच्या थोडं अलीकडे. तिथे दार होतं.
टॅबवरचा निळा ठिपका काठापर्यंत आला आणि थांबला.
पर्याय तीनच होते:
पत्ता बरोबर. पत्ता चूक. घर बंद.
माणूस वाईट नव्हता.
बराच वेळ नदीकडे बघत राहिला, घाम पुसला,
मला विचारलं, तुम्ही काय लिहाल?
मी दुकानदार, मी काय बोलणार.
त्याने ‘घर बंद’ दाबलं.

आता नवा शेरा आलाय:
अर्जदार पत्त्यावर आढळला नाही, फेरपडताळणी करावी.
मोर्शेदा म्हणते, निदान पासपोर्ट तरी मागा,
मालदीवला बांधकामावर माणसं घेतायत.
पासपोर्ट मागायलाही अर्ज लागतो.
तो आज माझ्याकडे आला.
नाव. बापाचं नाव. जन्मतारीख.
मी सवयीने विचारलं, कायमचा पत्ता?

बाहेर कुणीतरी रिचार्जवरून भांडत होतं.
तोबारक म्हणाला,
ढाक्याच्या त्या ऑफिसचाच घाल.
माझं म्हणावं असं एवढं एकच
दोन वर्षं एका जागी राहिलंय.

तो हसला नाही, मीही नाही.
कर्सर त्या रिकाम्या चौकटीत
उघडमीट करत राहिला.
त्याच्यामागे आणखी तिघं उभी होती,
तिघांच्या हातात प्लास्टिकच्या फायली,
आणि शेवटचा, पोरगाच तो, मान लांब करून विचारत होता:
काका, नवीन नियमाची झेरॉक्स कितीला?