दातखीळ

अट-बाशीत पहाटे उणे सत्तावीस.
इथे बॅटरीसुद्धा रात्री घरात निजते,
चुलीजवळ, फडक्यात गुंडाळून.
काल रात्री मात्र ती बाहेरच राहिली
कारण बॉनेट उघडेना.

स्टिअरिंगखालचा खटका ओढला
की पुढून टक् असं ऐकू यायचं.
काल काहीच नाही. नुसतं सैल दावं हातात,
पलीकडे गुरू नसल्यासारखं.

गाडी पासाट. जर्मनीतून आलेली, तीन मालक करून.
मागच्या काचेवर अजून कुठल्याशा बेकरीचं नाव आहे,
मला वाचता येत नाही,
खरवडायचं मनातही येत नाही.
गॅरेजवाला नारिनला, म्हणजे घाटापलीकडे,
आणि घाटापलीकडे जायला गाडी हवी.

किटलीभर कोमट पाणी ओतलं फटीत.
तिथेच गोठलं, गाडीला मिशा फुटल्या.
चमचा घालून पाहिला. मग लोकर कातरायची कात्री.
कात्रीचं टोक मोडलं.
नात खिडकीतून ओरडली, "आजी, ती रुसलीय!"
रुसलीय कसली. दातखीळ बसलीय.

शायिरबेक कुंपणापलीकडे शेणाच्या विटा रचत होता.
नऊ वर्षं आम्ही बोलत नाही.
त्याने मला घोडी विकली होती, सात वर्षांची म्हणून.
शेजारी माणूस, जनावराचं तोंड काय उघडून बघायचं,
म्हणून मी बघितलं नाही.
दुसऱ्या हिवाळ्यात ती गवत चावता चावता दमायला लागली
तेव्हा बघितलं.
दात लांब, पिवळे, पुढे कललेले,
जुन्या कुंपणासारखे.

न बोलावता आला. हात बाह्यांत खुपसून
गाडीभोवती एक फेरी मारली, बाजारात मारतात तशी.
"केबल ताणलीय. आत बस. मी दाबतो, तू ओढ."
"मला उघडायचंय, दाबायचं नाही."
"दाबल्याशिवाय कडी सुटत नाही.
लगामाला घोडं तोंड मिटतं, तेव्हा काय करतेस?"

माहीत होतं मला.
ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात, तिथे अंगठा.
पण घोड्याचं नाव, आणि त्याने काढावं!

आत बसले. काचेवरच्या बर्फातून तो दिसत होता अर्धा,
दोन्ही तळवे टेकून वाकलेला.
"ओढ."
नाही.
"ओढ म्हणतो ना!"
पक्कड लावली, पाय रोवले,
आणि
टक्.

आत बॅटरीवर उंदराचं घर.
लोकर, मक्याचे दाणे, वीजबिलाच्या चिंध्या,
नातीच्या हरवलेल्या हातमोज्याचा निळा धागा.
मालक घरी नव्हता.

शायिरबेक बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला.
मग तिथूनच, इंजिनाला सांगावं तसं म्हणाला,
"बारा वर्षांची होती."
"चौदा."
"तेरा. तेरावर एक दिवस नाही."
मी बॅटरीच्या तारा सोडत राहिले.

दोन तास बॅटरी चुलीपाशी,
दोन तास तो अंगणात. आत ये म्हणाले नाही.
नातीने दारातून पाव दिला, तो त्याने उभ्यानेच खाल्ला.

गाडी सुरू झाली. आता बॉनेट मिटेना.
त्याने घोड्याच्या केसांच्या दोरीने ते बांधलं
आणि म्हणाला, "ही गाठ माझ्याशिवाय सुटायची नाही.
परत आलीस की हाक मार."

नारिनच्या पंपावर पाणी घालायचं होतं.
तिथल्या पोराने नखं मोडून घेतली.
मी वाकले आणि दातांनी सोडली.
आहेत अजून. पुढचे सगळे.

केसांची ती चव संध्याकाळपर्यंत जिभेवर होती.
निघताना पुन्हा बांधली.
त्याच्यासारखी नाही जमली,
पण कुंपणापलीकडून
तशीच दिसेल.