बिनमिठाची चपाती

मास्तर गेला त्याला आठ महिने झाले
तरी कणीक मळताना माझा हात
एक गोळा मिठाआधी बाजूला काढतो.
तेरा वर्षांची सवय. हाताला कोण सांगणार.
ती चपाती मी कठड्यावर ठेवते,
कावळे खातात आणि वर ओरडतात,
जसं काही मीच त्यांचं देणं लागते.

शेवटी शेवटी त्याला जिने उतरवेनात.
कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.
सोलापुरी चादरीची झोळी करून
एक टोक यांच्या हातात, एक मैथिलीच्या,
दिवसातून तीनदा, दोन मजले,
आणि झोळीतून मास्तर एकेका दाराकडे बघायचा
शाळा तपासायला आल्यासारखा.
परळच्या इस्पितळातून दोघं परत आले
तेव्हा चादर घडी घालून यांच्या काखेत होती.
धुवायला टाकू का, विचारलं मी.
"नको," म्हणाले, आणि टीव्हीच्या मागे ठेवून दिली.

पुन्हा कुत्रा आणायचा नाही, असं ठरलं.
ठरलं म्हणजे हे बोलले
आणि आम्ही दोघी गप्प राहिलो.

मग पौषातल्या एका बुधवारी
चांगुणा कोळीण टोपली उतरवून दारात बसली.
"बोंबील संपले," म्हणाली, "हे उरलं."
फडक्याखाली, मांदेलीच्या वासात,
मुठीएवढं काळं, शेपटीचं टोक तेवढं पांढरं,
बर्फाला टेकून थरथरत होतं.
"घेऊन जा," हे आतूनच म्हणाले.
"सांजच्याला नेते. आता ऊन हाय."
त्या सांजेला ती आली नाही.
गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही.
शनिवारी समोरच्या बिल्डिंगमधून तिची आरोळी ऐकू आली,
आमच्या जिन्याकडे मात्र फिरकली नाही.
रविवारी आली ती थेट पापलेटचा भाव सांगत.
पिल्लाबद्दल चकार शब्द नाही.
फक्त पिशवीत चार मुंडकी जास्त टाकली.

तोवर त्याने माझी एक चप्पल संपवली होती,
मैथिलीचं जर्नल, गॅसच्या बिलाचा कोपरा.
पण खिडकीखालची ती फरशी,
मास्तरच्या पोटाने घासून घासून गुळगुळीत झालेली,
तिथे आलं की वळसा घालायचं.
कुणी पडलंय, पाय लागू नये, अशा बेताने.
मी दोनदा पाहिलं. मैथिलीनेही पाहिलं असणार.
एकमेकींना सांगितलं नाही.
यांचं कळेना. पेपर तोंडासमोर होता,
पण तासभर पान उलटलं नव्हतं.

सोमवारी, चारच्या उन्हात,
ते आलं, थबकलं, फरशी हुंगली,
बराच वेळ हुंगली,
आणि तिथेच मुतलं.

मैथिलीने तोंडावर हात ठेवला.
मी यांच्याकडे पाहिलं.
हे हसले. ठसका लागेपर्यंत हसले,
डोळे पुसत बाथरूममध्ये गेले,
आणि मग आतला नळ
बादली भरून वाहायला लागली तरी बंद होईना.
एरवी टाकीतल्या थेंबाथेंबाचा हिशेब मागणारा हा माणूस.
आम्ही काही बोललो नाही. पिल्लूही नाही.

बाहेर आले ते टीव्हीमागची चादर ओढत.
गुडघ्यांवर बसून फरशी तिनेच पुसली,
कडेकडेने, सावकाश,
मग चादर माझ्याकडे टाकली.
"आता धू," म्हणाले.

नाव अजून ठेवलेलं नाही.
चांगुणा त्याला उरलेलं म्हणते.
मुंडकी खातं, चप्पल खातं,
चपातीला तोंड लावत नाही मेलं.
कावळ्यांचं बरं चाललंय.