सम सांध्यावर

लष्करात, दौलतगंजच्या गल्लीत
मुनीरमियाँच्या दुकानाला पाटी नव्हती.
दारात साताठ घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.
खरी वेळ विचारली की म्हणायचे,
‘बाड्यावर जाऊन बघ बेटा, इथे दुरुस्ती चालते.’

विलायती पेटी आली हातगाडीवरून,
गोधडीत गुंडाळलेली, बाळंतिणीसारखी.
कुणा सरदाराच्या तळघरात चाळीस वर्षं.
उंदरांनी भात्यात संसार थाटलेले.
पोटात मृदंगाएवढा लाकडी रूळ,
त्यावर पितळी खिळ्यांची पुरळ:
आठ विलायती नाच, आता कुणालाच नको असलेले.
ते सगळे चिमट्यानं उपटले.

भाता मुनीरमियाँनी शिवला
बकरीच्या कोवळ्या कातड्यानं. सरस उकळला,
शेजारच्या गजकवाल्यानं तीन दिवस तोंड फिरवलं.

गाणं मात्र विश्वंभरमामांचं.
ते हिशेब-दफ्तरात कारकून.
जुन्या खातेवहीच्या पानांवर, जमेच्या बाजूला,
त्यांनी भूप मांडला.
पेटीत कोमल स्वर नव्हतेच, निवड सोपी होती.
मग एका रात्री दचकून उठले:
‘देशकाराचेही सूर हेच!
खिळ्यांना कुणी सांगायचं
की गंधारावर थांबा, धैवतावर नको?’
सकाळी गंधारासाठी त्यांनी तार वाकवून
लांब लांब पूल केले,
धैवताला नुसतं टोक.

मी नऊ वर्षांची. माझं काम
खिळे ओठांत धरायचे, मागितला की एक द्यायचा.
बोलायचं नाही, हसायचं नाही.
चार महिने पितळ चाखलं.
अजून कुणी भूप लावला
की जिभेच्या शेंड्याला हिरवट चव येते.

चूक एकच निघाली.
रूळ फिरून जिथे स्वतःला भेटतो
तिथे बोटभर सांधा असतो, कोरा;
तिथे तो एक घर सरकतो.
मामांनी मात्रा मोजल्या, सांधा धरला नाही.

दांडा फिरवला.
भूप आला. लंगडत, धापा टाकत, पण भूपच.
तेरा, चौदा, पंधरा, सोळा,
आणि समेला सूर नाही.
खट्.

मामा मटकन खाली बसले.
मुनीरमियाँनी मात्र मान डोलावली
त्या खट्‌वर, बरोब्बर,
आणि दांडा पुन्हा फिरवला.

पेटी नंतर कुठे गेली, ठाऊक नाही.
मुनीरमियाँ लेकीकडे भोपाळला गेले, तिथलेच झाले.
मामांच्या खातेवहीची पानं
कुणीतरी रद्दीत घातली. कुणीतरी म्हणजे मीच,
लग्नाआधीच्या आवराआवरीत.

मैफलीला अजून जाते, मागच्या रांगेत बसते.
गाणारा समेवर येतो,
सगळे हात उचलतात, ‘आहा’ म्हणतात.
मी ओठ घट्ट मिटून घेते,
एकही खिळा पडू नये म्हणून,
आणि वाट बघते.