दोन गुणांचा प्रश्न

सातवी ब, एकेचाळीस पेपर.
इंदिरानगरात, गॅलरीत बसलेय तपासायला.
समोरच्या बिल्डिंगचे सगळे गज एका मापाचे.

प्रश्न तिसरा, इ:
'अघळपघळ', अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा.
उत्तराला दोन ओळी.

नमुना उत्तर मीच काढलेलं:
सैल, ऐसपैस, बांधणी नसलेलं.
अठ्ठावीस पोरांचे काका अघळपघळ बसतात,
पाचजणांच्या आत्या अघळपघळ बोलतात,
एकाची तर बॅट. ती कशी, ते त्यालाच विचारीन.

'माझे दप्तर अघळपघळ आहे.'
नाही रे, निनाद. दप्तर अस्ताव्यस्त.
अस्ताव्यस्त म्हणजे आधी कधीतरी नीट होतं
आणि आता कुणीतरी ओरडणार आहे.
ओबडधोबड हाताला लागतं:
पाथरवट छिन्नी ठेवून जेवायला गेला
आणि परत आलाच नाही.
अघळपघळला कुणी ओरडत नाही.
त्याला फक्त जागा लागते.

पघळ कळतो. तूप पघळतं, मेण पघळतं.
पण अघळ?
एकटा अघळ मला कुठे भेटलेला नाही.
वरातीपुढे नाचणारा असावा,
नवरदेवाशी ओळख नसलेला.

मग ईश्वरी गायधनी. राहते भांडी बाजाराच्या मागे.

'गंगा रोज पायऱ्या पायऱ्यांतून जाते.
ऑगस्टमध्ये दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं
तेव्हा ती अघळपघळ झाली आणि आमच्या दुकानात आली.
पप्पांनी पातेली माळ्यावर चढवली, घंगाळ राहिलं.
ते तरंगत दारापर्यंत गेलं आणि तिथेच फिरत बसलं.
नंतर आम्ही चार दिवस गाळ काढला.
तरी मम्मी म्हणाली, बाई माहेरी आली
की पाय पसरणारच.'

दोन ओळी कधीच संपल्यात.
अक्षर समासात चढलंय, तिथून वळून
चौथ्या प्रश्नाच्या डोक्यावर,
मग बाण काढून पाठीमागे.

वाक्य एकच हवं होतं.
अर्थ तर लिहिलेलाच नाही. एक गुण कापायचा.

लाल पेनाचं टोपण काढून बसलेय.
खाली इस्त्रीवाले संपतराव घड्या घालतायत,
शर्टावर शर्ट, काठाला काठ.

मांडी मोडली. पाय खाली सोडले,
मग कठड्यावर लांब केले,
टाचांच्या भेगा रस्त्याला दिसतील इतके.

गुणांचं
उद्या बघू.